रोजच्या व्यवहारातली पवित्रता

रोजच्या व्यवहारातल्या पवित्रतेचा विचार ‘लेवीय’ या जुन्या करारातील पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आढळतो. देव पवित्र आहे म्हणून त्याच्या लोकांनीही पवित्र असावे, ही आज्ञा तेथे २ ऱ्या वचनात येते; नव्या करारात पेत्राच्या पहिल्या पत्रात (१:१५-१६) तिचा पुनरुच्चार आहे. ‘लेवीय’मध्ये अन्यत्र शुद्धाशुद्धतेचे बरेच नियम असले, तरी १९ व्या अध्यायाचा मोठा भाग शेजारधर्माचा आहे: शेताच्या कडेचे पीक आणि सरवा गरीब व परक्यांसाठी सोडावा (९-१०), मजुराची मजुरी रात्रभर अडकवू नये (१३), वृद्धांसमोर उठून उभे राहावे (३२), वजन-माप खरे ठेवावे (३५-३६). नांदेड-लातूरच्या वाचकाला हे सारे ओळखीचे आहे. सोयाबीन काढणाऱ्या बाईची रोजंदारी त्याच संध्याकाळी देणे किंवा आडत बाजारात तुरीचे वजन चोख करणे, हा या भागातील ख्रिस्ती शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या उपासनेचाच भाग ठरतो. रविवारची प्रार्थना त्यामुळे गौण होत नाही. तिचा खरेपणा सोमवारच्या हिशेबात तपासला जातो, इतकेच.