ख्रिस्ती श्रद्धाधिष्ठित गुंतवणूक

ख्रिस्ती धर्मतत्त्वांशी सुसंगत अशा मार्गांनी बचत, गुंतवणूक व कौटुंबिक संपत्तीचे व्यवस्थापन करण्याची पद्धती. संपत्तीचा खरा स्वामी परमेश्वर असून माणूस तिचा केवळ कारभारी आहे, ही तिच्यामागील मूळ धारणा होय. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली (१७०३–९१) याने शेजाऱ्याला अपाय करणारी कमाई निषिद्ध ठरविली. व्हिएटनाम युद्धकाळात मेथडिस्ट धर्मसेवकांच्या पुढाकाराने अमेरिकेत १९७१ मध्ये ‘पॅक्स वर्ल्ड फंड’ सुरू झाला. युद्धसामग्रीचे उद्योग त्याने वर्ज्य मानले. त्याच वर्षी एपिस्कोपल चर्चने ‘जनरल मोटर्स’ने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतून व्यवसाय काढून घ्यावा, असा ठराव भागधारकांपुढे मांडला.

या पद्धतीत मुख्यतः तीन साधने वापरतात : मद्य, तंबाखू, जुगार, शस्त्रे इ. उद्योग वगळणे, भागधारक या नात्याने कंपनीच्या धोरणावर प्रभाव टाकणे, लोकोपयोगी उपक्रमांना भांडवल पुरविणे. कोणते उद्योग वगळावेत, याविषयी पंथापंथांत मतभेद आहेत. कॅथलिक गुंतवणूकदारांसाठी व्हॅटिकनने २०२२ मध्ये ‘मेन्सुराम बोनम’ ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कुटुंबाच्या नियोजनात दशमांश दान, कर्जावर मर्यादा, मृत्युपत्र व वारसांना दातृत्वाचे संस्कार यांना महत्त्व असते. अनेक उद्योग वगळल्यास जोखमीची विभागणी आकुंचित होते. म्हणून श्रद्धेइतकीच आर्थिक विवेकाची जोडही अत्यावश्यक ठरते.