चांदणी चौकात चंद्राचं पाणी कुठे गेलं?

आज चांदणी चौक. पुण्यातला पूलवाला नाही हं, दिल्लीचा.

१६५० च्या सुमारास शहाजहानच्या मुलीने, जहानआराने, हा बाजार वसवला. लाल किल्ल्यापासून सरळ रस्ता आणि मधोमध चक्क कालवा! एका चौकात हौद होता. त्यात चंद्र दिसायचा, म्हणून हे नाव, असं सांगतात. १८५७ नंतर हौद गेला, तिथे इंग्रजांनी घड्याळाचा मनोरा उभारला. कालवा बुजला, १९०८ मध्ये ट्राम आली. पुढे मनोराही गेला, ट्रामही गेली. उरल्या गाड्या आणि हॉर्न.

२०२१ मध्ये फतेहपुरी मशिदीपर्यंतचा रस्ता नव्याने खुला झाला. सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे रोलबॅक वाटेल, पण जुनं व्हर्जन कुठे आलंय? पाणी नाहीच. परत आलं ते फक्त चालणं, आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं. गौरीशंकर मंदिर, शीशगंज गुरुद्वारा, बॅप्टिस्ट चर्च, सुनहरी मशीद, सगळं एकाच रस्त्यावर. मोटारीतून हे नुसतं मागे पळतं.

फक्त हे म्युझियम नाही, जिवंत घाऊक बाजार आहे. कटरा नीलमध्ये कापड, भागीरथ पॅलेसमध्ये विजेचं सामान. हा माल ट्रकने यायचा तर रात्री नऊनंतरच. दिवसभर तो हमालाच्या पाठीवर नाहीतर हातगाडीवर, तुमच्या-माझ्या सेल्फीला वळसा घालत.