ताजच्या बागेतली उंची

ताजमहालाच्या महादरवाजातून आत शिरलं की मधोमध कालवा, त्याच्या कडेनं खुज्या सरूंच्या रांगा, पलीकडे कापलेली हिरवळ आणि समोर जोत्यापासून कळसापर्यंत उघडी वास्तू दिसते. हीच शहाजहानची बाग, असं आपण धरून चालतो. पण झाडं ठेंगणी ठेवून इमारत मोकळी करण्याची ही मांडणी मुघलांची नाही. लॉर्ड कर्झन (१८९९ ते १९०५) व्हाइसरॉय असताना दाट झाडी काढून हिरवळ केली गेली, आणि तिच्यात इंग्रजी उद्यानाची आवड उघड दिसते.

यावर आक्षेप येतो तो असा, की ती झाडी मुळातली नव्हतीच. सत्ता खिळखिळी झाल्यावर माजलेलं ते रान होतं. थॉमस आणि विल्यम डॅनियल यांनी १७८९ मध्ये बाग चितारली तेव्हा तिथं झाडी दाट होती, पण तोवर मुघलांचे वैभवाचे दिवस सरलेले होते. आक्षेपात तथ्य आहे, म्हणून साक्ष आणखी मागची हवी. ती फ्रान्स्वा बर्निये या फ्रेंच वैद्यानं १६६३ च्या पत्रात दिली आहे. शहाजहान तेव्हा आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. मधला फरसबंद रस्ता बागेच्या जमिनीपेक्षा आठ फ्रेंच फूट, म्हणजे सुमारे अडीच मीटर उंच आहे, असं बर्निये लिहितो. खालच्या अंगाला झाडांनी झाकलेल्या वाटा आणि फुलांनी भरलेले ताटवे असल्याचंही सांगतो.

बर्नियेचं हे माप मला निर्णायक वाटतं. जमीन इतकी खाली असेल, तर पंधरा फुटी झाडाचा शेंडा रस्त्यावरून चालणाऱ्याच्या डोक्याच्या जरासाच वर येतो. फळं हाताशी येतात आणि ताटवे अंथरलेल्या गालिच्यासारखे वरून दिसतात. म्हणजे उंचीचा हिशेब झाड खुजं ठेवून नव्हे, जमीन खाली घेऊन केलेला होता. झाडीनं वास्तू झाकली जाईल, ही भीतीही त्यामुळे फारशी उरत नाही; रुंद रस्ता आणि कालवा समोरची नजर मोकळीच ठेवतात. झाकल्या जातील त्या बाजू, आणि चालणाऱ्याला त्या हळूहळू उलगडतील. बर्निये झाडांची नावं किंवा जागा सांगत नाही, तेव्हा सरसकट जंगल परत लावा असं कुणी म्हणू नये. पण निदान एका चौकात, उत्खननानं जुनी पातळी तपासून, फळझाडं लावून पाहायला हवीत.