खोट्या कातळाचा खरा रंग

दापोलीला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर खाली खेडला उतरावे लागते. खेडवरून जाणारा कोकण रेल्वेचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सलग सुरू झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १ एप्रिलला, आणखी एक रेल्वे लोकांसाठी खुली झाली: पुण्यातले भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. तेही कर्वे रस्त्यालगत, म्हणजे दापोली तालुक्यातल्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांच्या नावाच्या रस्त्यावर!

मोठ्या रेल्वेने डोंगर पोखरले. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. छोट्या रेल्वेला मात्र आधी डोंगर बनवावा लागतो. या छंदात ‘एचओ’ हे प्रमाण सर्वांत लोकप्रिय, म्हणजे मूळ वस्तूच्या १/८७. कोकण रेल्वेचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल या हिशेबाने ७४ सेंटिमीटरचा होतो. तेवढ्या उंचीत दरी, कडा, कपार सगळे खरे वाटले पाहिजे.

या कामात विसाव्या शतकात नाव झाले ते कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलनचे. हा व्यवसायाने छायाचित्रकार. माँटेरेतल्या घराच्या तळघरात त्याने जमिनीपासून छताकडे चढत जाणारे डोंगर उभे केले आणि त्यांतून गाड्या पळवल्या. १९७३ मध्ये तो गेला आणि पाठोपाठ थोड्याच दिवसांत लागलेल्या आगीत तो जवळजवळ सारा पसारा जळाला. उरली ती मुख्यतः छायाचित्रे.

कडा बनवण्याची रीत साधी आहे. तारेच्या जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेले कागद किंवा कापड पसरायचे, वर रबरी साच्यातून काढलेले खडक चिकटवायचे. खरी कसोटी रंगात. खोलीतल्या दिव्याखाली एवढ्याशा कपारीची सावली पुरेशी पडत नाही, म्हणून ती रंगवावी लागते. पाण्यासारखा पातळ काळा रंग वरून सोडला की तो आपसूक भेगांत उतरतो. तो वाळला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग फक्त कंगोऱ्यांवर फिरवायचा.

दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या पोरांना यातली निम्मी विद्या ठाऊक असते. दगड-विटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट, उतारावर पेरलेले आळीव; जाळी आणि प्लास्टरऐवजी गोणपाट आणि माती, एवढाच फरक. दापोलीत तर जांभ्याची तांबडी माती दाराशीच. तिचा कडा रंगवावाच लागत नाही.

गंमत होते ती सुवर्णदुर्ग करायला घेतला की. हर्णैसमोरच्या बेटावरचा हा जलदुर्ग शिवकाळात स्वराज्यात आला, पुढे आंग्र्यांकडे गेला आणि एप्रिल १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. जेम्सच्या पत्नीने त्याच्या स्मरणार्थ लंडनजवळ बुरूज बांधला, त्यालाही याच किल्ल्याचे नाव दिले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे. पण त्याची तटबंदी काळ्या पाषाणाची, तळाशी तर बेटाचाच खडक तासून काढलेली. तांबड्या मातीत केलेला सुवर्णदुर्ग हुबेहूब असला तरी रंगाने फसतो. त्याला कोळशाची पूड किंवा काजळी लागते, आणि भरतीरेषेपाशी थोडा हिरवट डाग.

उलट जांभा दाखवायचा तर डब्यातला एकच तपकिरी रंग चालत नाही. खाणीतून नुकता निघालेला चिरा तांबूस-पिवळा असतो, उघड्या सड्यावर वर्षानुवर्षे ऊन-पाऊस खाल्लेला कातळ काळपट पडतो, आणि पावसाळ्यात त्याच्या भोकांतून शेवाळ धरते. बाजारात मिळणाऱ्या प्लास्टरच्या तयार किल्ल्यांवर यातले काहीही दिसत नाही. सह्याद्री असो की सडा, सगळे एकाच फवाऱ्यातले. येत्या दिवाळीत दापोलीकर पोरांनी रंगाचा डबा उघडण्याआधी एकदा हर्णैच्या किनाऱ्यावर उभे राहून सुवर्णदुर्गाचा तट नीट पाहून यावा.