कानालेत्तोची चित्रे आणि वॉर्साच्या विटा

दहा-बारा वर्षांपूर्वी कोल्हापुरातल्या एका व्याख्यानात मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले होते की, दुसऱ्या महायुद्धात जमीनदोस्त झालेले पोलंडच्या राजधानीचे जुने गाव अठराव्या शतकातल्या एका इटालियन चित्रकाराची चित्रे समोर ठेवून वीट न वीट परत उभारले गेले. टाळ्या पडल्या. पुढे तेच मी एका लेखातही लिहिले. आज या लेखाच्या निमित्ताने ते विधान मला दुरुस्त करायचे आहे. पूर्ण मागे घ्यायचे नाही, पण दुरुस्त मात्र करायलाच हवे.

माझा मूळ विषय वळिवडे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बायका आणि मुलेच जास्त. या लोकांची कागदपत्रे, छायाचित्रे जमवण्यात माझी वीस वर्षे गेली. मी शिक्षणाने इतिहासकार नाही. नोकरी सांभाळून, रविवारी-रविवारी केलेले हे काम. गेल्या वर्षी मे महिन्यात वॉर्साला जाण्याचा योग आला तोही त्याच कामासाठी. तिथे वळिवड्याचे स्मारक आहे, ते डोळ्यांनी पाहायचे होते. हाताशी एक सकाळ मोकळी होती म्हणून जुन्या गावाच्या पायी सहलीत सामील झालो.

या सहली राजवाड्यासमोरच्या चौकात, राजा तिसरा झिगमुंट याच्या स्तंभापाशी सुरू होतात. याच राजाच्या काळात राजधानी क्राकुवहून वॉर्साला आली आणि १६४४ मध्ये त्याच्या मुलाने हा स्तंभ उभारला. आमचा वाटाड्या पंचविशीतला तरुण, हातात पिवळी छत्री, बोलणे मिठ्ठास. स्तंभ दाखवून तो आम्हाला वाड्याच्या भिंतीकडे घेऊन गेला. तिथे गवतात दगडाचे दोन लांबलचक खांब आडवे पडले आहेत. ते या स्तंभाचे आधीचे दोन अवतार. दुसरा खांब सप्टेंबर १९४४ मध्ये जर्मनांनी पाडला, पुतळा मात्र बचावला आणि १९४९ मध्ये नव्या खांबावर चढला. वर जुना राजा, खाली नवा दगड आणि शेजारी गवतात मोडके खांब. अख्ख्या जुन्या गावाची गोष्ट इथेच सांगून होते, असे मला नंतर वाटले.

पुढे सेंट जॉनचे कॅथीड्रल, त्याच्या भिंतीत बसवलेला जर्मन स्फोटक-गाडीच्या पट्ट्याचा तुकडा, कानोनियाच्या छोट्या चौकातली १६४६ ची तडकलेली घंटा (तिला तीन प्रदक्षिणा घातल्या की भाग्य उजळते म्हणे; मीही घातल्या, गुडघा तेवढा दुखला), मग बाजारचौकातली मत्स्यकन्या आणि शेवटी बार्बिकन हा विटांचा बुरूज. बाजारचौकात वाटाड्याने ते वाक्य टाकलेच : "तुम्ही पाहताय ते सगळे कानालेत्तोच्या चित्रांवरून बांधले आहे." माझेच वाक्य मला परदेशात ऐकू आले. त्याचे बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुपारी राजवाड्यात गेलो. तिथे एक अख्खे दालन या चित्रांचे आहे. चित्रकाराचे खरे नाव बेर्नार्दो बेलोत्तो. प्रसिद्ध कानालेत्तो हा त्याचा मामा, आणि भाच्याने मामाचेच नाव लावले. १७६८ पासून तो राजा स्तानिस्वाव आउगुस्ट याच्या पदरी होता आणि १७८० मध्ये वॉर्सातच वारला. दालनात त्याची बावीस नगरदृश्ये आहेत. मी दोन तास तिथे काढले, हातात गावाचा नकाशा घेऊन एकेक चित्र कुठून काढले असावे ते लावत गेलो. नदीपलीकडून दिसणारे शहर आहे. स्तंभापासून दिसणारा क्राकोव्स्किए प्शेद्मिएश्चिए हा राजरस्ता आहे. राजवाडे, चर्च, नवगावाचा चौक, सगळे आहे. सकाळी जिथे उभे राहून वाटाड्याने ते वाक्य म्हटले, तो जुन्या गावाचा बाजारचौक मात्र एकाही चित्रात नाही. राजाला आपल्या शहराचे वैभव हवे होते; त्याच्या चित्रकाराने मांडला तो राजरस्ता, दुकानदारांच्या अरुंद घरांचा चौक नव्हे.

मग चौक उभा राहिला तो कशावरून? उत्तर आहे मोजमापांवरून. वॉर्साच्या तंत्रविद्यापीठात पोलिश वास्तुकलेचा एक विभाग होता. युद्धापूर्वी तिथले प्राध्यापक आणि विद्यार्थी फिती घेऊन जुन्या इमारतींची मापे काढत, आराखडे करत, छायाचित्रे घेत. परीक्षेसाठी केलेले रुक्ष काम. विभागप्रमुख ओस्कार सोस्नोव्स्की सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बवर्षावात हा संग्रह राखताना जखमी झाले आणि त्यातच गेले. पुढे सूत्रे यान झाखवातोविच यांच्याकडे आली. जर्मन अमलाखालीही काम गुपचूप चालू राहिले. १९४४ चे बंड मोडल्यावर जर्मनांनी उरलेसुरले शहर ठरवून जाळले, सुरुंगाने उडवले. त्या धामधुमीत हे आराखडे शहराबाहेर काढून पिओत्रकुव येथील मठात लपवले गेले. १९४५ मध्ये ते परत आले आणि राजधानी-पुनर्बांधणी कार्यालयाचे काम सुरू झाले. २२ जुलै १९५३ रोजी बाजारचौक लोकांसाठी खुला झाला.

बेलोत्तोचा उपयोग झाला नाही, असे नाही. राजरस्त्यावरच्या आणि मिओदोवा रस्त्यावरच्या काही इमारतींना झाला, ब्रानित्स्की राजवाड्याला तर ठळकपणे. पण तोही जपूनच घ्यावा लागतो, कारण बेलोत्तो भिंगाच्या पेटीने रेखाटन करत असला तरी चित्र देखणे व्हावे म्हणून इमारतींची प्रमाणे बदलायचा.

आराखडे होते म्हणजे सगळे जसेच्या तसे झाले, असेही नाही. कॅथीड्रलचा युद्धापूर्वीचा दर्शनी भाग एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजी गॉथिक धर्तीचा होता. झाखवातोविचांनी तो परत न बांधता माझोव्हिया प्रांताच्या जुन्या विटांच्या शैलीतला नवा दर्शनी भाग रचला. म्हणजे तिथे आज उभे आहे ते १९३९ मध्ये नव्हते. बार्बिकनचे तर युद्धाआधी केवळ अवशेष उरले होते. त्याचा आजचा बुरूज १९५० च्या दशकातला. घरांमागच्या दाटीवाटीच्या चाळी परत बांधल्याच नाहीत, तिथे अंगणे मोकळी ठेवली. त्या पिढीला एकोणिसावे शतक आवडत नव्हते, आणि आवडीनिवडीने इतिहास गाळला गेला. हा माझा आक्षेप आहे. पण हिवाळ्यात ढिगाऱ्यात राहणाऱ्या लोकांनी तो निर्णय घेतला, हेही विसरून चालत नाही.

१९८० मध्ये युनेस्कोने हे जुने गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेही पुनर्बांधणीचा नमुना म्हणूनच. पाटी वाचली तर त्यात काही लपवाछपवी नाही. लपवतो तो आपला गोष्टीचा हव्यास.

विटांचा प्रश्न अधिक अवघड. वॉर्सात विटा पुरेशा नव्हत्या. त्या व्रोत्सुआफ, श्चेचिन, निसा अशा पश्चिमेकडच्या शहरांतून आल्या. ही शहरे युद्धापर्यंत जर्मन होती. तिथल्या जर्मनांना घालवून दिले गेले, आणि तिथल्या पडक्या (काही तर न पडलेल्या) इमारती उतरवून वॉर्साकडे वाघिणी भरल्या गेल्या. आणि जर्मनांच्या जागी व्रोत्सुआफमध्ये वस्तीला आले ते पूर्व पोलंडचे लोक, ल्वुव वगैरे भागांतले, ज्यांची गावे सोव्हिएत संघात गेली होती. वळिवड्याचे निर्वासित बहुतांशी याच पूर्वेकडचे. त्यांची राजधानी पुन्हा बांधली गेली, पण त्यांचे स्वतःचे गाव नकाशावर दुसऱ्या देशात होते. छावणी उठल्यावर बरेच जण पोलंडला परतलेच नाहीत, ते का, हे त्या दालनात उभे असताना मला नव्याने उमगले. आणि त्यांनी सोडलेल्या वळिवड्याच्या जागेत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच मुरानुवला चालत गेलो. जुन्या गावापासून फार लांब नाही, पण छत्रीवाला तिकडे वळला नव्हता. इथे ज्यूंची कोंडवस्ती होती. १९४३ च्या उठावानंतर जर्मनांनी ती सपाट केली. युद्धानंतर तिथले एकही घर मापे लावून परत बांधले नाही. बोहदान लाखेर्त या वास्तुरचनाकाराने ढिगारा न हटवता त्याच्यावरच नवी वसाहत उभारली, काही इमारतींचे ठोकळेही त्याच ढिगाऱ्याचा चुरा करून बनवले. पायऱ्या चढून इमारतीच्या दारापर्यंत जावे लागते, कारण खाली ढिगारा आहे. मी तिथे एका बाकावर बराच वेळ बसलो होतो. मुले सायकली खेळत होती.

परत आल्यावर वाटाड्याला निरोप धाडला, बाजारचौक त्या चित्रांत नाही म्हणून. त्याचे लगेच उत्तर आले : "माहीत आहे, काका. पण फितीची गोष्ट सांगितली तर लोक मोबाइल काढतात." त्याच्यावर राग धरण्याचा मला अधिकार नाही. मीही टाळ्यांसाठीच सांगितली होती.

सध्या आमच्या पेठेतला एक वाडा पाडायचे ठरले आहे. मालक भले आहेत. त्यांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली. पुतण्या फितीचे एक टोक धरतो, दुसरे मी धरतो. दोन्ही चौक आणि देवघर मोजून झाले. माडीचा जिना अजून राहिला आहे.