कवळीतील दातांच्या आकाराची निवड

कवळीतील दातांच्या आकाराची निवड हा संपूर्ण कवळी तयार करण्यातील एक टप्पा आहे. तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नसेल आणि दात काढण्यापूर्वी घेतलेले साचेही उपलब्ध नसतील, तेव्हा चेहऱ्याच्या मापांवरून वरच्या जबड्यातील समोरच्या सहा दातांची रुंदी ठरवली जाते. दात गेल्यानंतर जबड्याचे हाड झिजत जाते. त्यामुळे केवळ हिरडीवरून मूळ दातांचा अंदाज बांधणे फसवे ठरते. गालांच्या हाडांमधील व डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतर मात्र प्रौढपणी फारसे बदलत नाही.

मापे व सूत्रे

सर्वांत परिचित सूत्र विसाव्या शतकाच्या आरंभीचे, बेरी यांच्या नावाने ओळखले जाणारे आहे. दोन्ही गालांच्या हाडांमधील कमाल अंतराचा सोळावा भाग म्हणजे मधल्या पटाशीच्या दाताची रुंदी. हे अंतर १२८ मिमी असल्यास दात ८ मिमी येतो. १९८४ मधील एका सूत्रानुसार बाहुल्यांमधील अंतराला ६.६ ने भागतात; ते अंतर ५९.४ मिमी असेल, तर त्याच चेहऱ्यासाठी उत्तर ९ मिमी मिळते. आरशात हा एक मिलिमीटर सहज जाणवतो. याशिवाय नाकपुड्यांच्या बाहेरील कडांपासून खाली सोडलेल्या रेषांवरून सुळ्यांची जागा, तर हसताना वरचा ओठ जिथवर उचलला जातो त्यावरून दातांची लांबी ठरवतात.

लिऑन विल्यम्स यांनी १९१४ मध्ये चौकोनी, निमुळता व अंडाकृती असे चेहऱ्याचे प्रकार मानून दातही त्याच घडणीचे असावेत, असे मांडले. कल्पना आकर्षक असली तरी नंतरच्या मोजमापांतून तिला पुरेसा आधार मिळाला नाही.

मर्यादा

जुनी सूत्रे बहुतांशी पाश्चात्त्य चेहऱ्यांवर बेतलेली असल्याने भारतीय रुग्णांसाठी ती आरंभबिंदू म्हणूनच वापरणे योग्य. जुने हसरे छायाचित्र अधिक विश्वसनीय असते: त्यातील दाताचे बाहुल्यांमधील अंतराशी असलेले प्रमाण प्रत्यक्ष अंतराला लावता येते. लग्नातील छायाचित्रांत मात्र ओठ अनेकदा मिटलेलेच असतात.

अंतिम कसोटी मेणात बसवलेल्या दातांची असते. यवतमाळ जिल्ह्यातील वणीच्या रुग्णाने नागपूर किंवा सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालयात कवळी करून घ्यायची ठरवल्यास या तपासणीसाठी पुन्हा प्रवास करावा लागतो, म्हणून ती घाईने उरकण्याचा मोह होतो. मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिक भरण्यापूर्वी दात सहज बदलता येतात. नंतर ते अवघड व खर्चिक होते.