सरासऱ्यांमधला फरक: बटाट्याच्या शेतापासून आपल्या ताटापर्यंत

समजा, एका कारखान्यात पहिली, दुसरी आणि रात्रपाळी करणाऱ्या कामगारांची उपाशीपोटी साखर तपासली. तीन गटांच्या तीन सरासऱ्या वेगळ्या आल्या. मग दोष रात्रपाळीचा का? रहाटणीतून भोसरी-चाकणला पाळीला जाणाऱ्या अनेकांना हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर शोधण्याची रीत मात्र इंग्लंडमधल्या बटाट्याच्या शेतात जन्मली.

रोथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी बटाट्याच्या १२ जातींची तुलना केली. ते संशोधन १९२३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकाच जातीच्या दोन वाफ्यांतही उत्पन्न सारखं येत नाही. म्हणून त्यांनी दोन फरक वेगळे मोजले: गटागटांमधला आणि एकाच गटाच्या आतला. पहिला फरक दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तरच गट वेगळे मानायचे. हीच 'अनोव्हा' पद्धत. दोन-दोन गटांच्या जोड्या लावत बसलं, तर निव्वळ योगायोगाने फसण्याची शक्यता प्रत्येक जोडीगणिक वाढते.

ही पद्धत भारतीय शेतीत रुजवणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे होते. त्यांनी वि. गो. पानसे यांच्यासोबत लिहिलेलं १९५४ चं पुस्तक कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी वापरलं.

पुढे हाच विचार ताटापर्यंत आला. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी गरिबी मोजताना माणशी रोज २,२५० कॅलरींचा आधार घेतला. सुखात्मे म्हणाले, एकाच निरोगी माणसाची गरजही रोज बदलते. सरासरीखाली असलेला प्रत्येक जण कुपोषित नसतो. दांडेकरांनी आणि आहारतज्ज्ञ सी. गोपालन यांनी याला विरोध केला. शरीर थोडक्यात भागवतं म्हणजे ते सुदृढ आहे असं नव्हे, हा गोपालन यांचा आक्षेप होता. प्रश्न गणिताचा दिसला, तरी उपाशी कोणाला म्हणायचं हे त्यावर ठरणार होतं.

म्हणून 'आमच्या आहाराने सरासरी साखर कमी झाली' असं वाचलंत, तर तीन गोष्टी विचारा. गटात किती माणसं होती? गटाच्या आतच आकडे किती वर-खाली होते? वय आणि वजन सारखं होतं का?

आणि तुम्ही स्वतः रात्रपाळी करत असाल, तर गटाच्या सरासरीवर विसंबू नका. तुमची स्वतःची साखर तपासून घ्या.